शेवटच्या गाडीवरून कोकण

क्लबाच्या राइडला सगळ्यात पुढे लीड असतो आणि सगळ्यात मागे स्वीप. लीड रस्ता ठरवतो, वेग ठरवतो, चहा कुठे प्यायचा तेही ठरवतो. स्वीप काहीच ठरवत नाही. कुणाची गाडी बंद पडली, कुणाचा हातमोजा उडाला, कुणाला घाटात मळमळलं, की त्याने थांबायचं आणि त्या माणसाला पुढे घालूनच निघायचं. स्वीपच्या मागे आपलं कुणी नाही, एवढाच त्याचा नियम.

साताऱ्याच्या आमच्या क्लबात मी सात वर्षं आहे, आणि सातही वर्षं रांगेच्या मधे चालवलं. यंदा शिमग्याच्या दिवसांत चार दिवसांची कोकणची राइड ठरली. मीटिंग उठता उठता आण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "यंदा मागं तू ऱ्हायचं." आण्णा आमचे लीड. एसटीत ड्रायव्हर म्हणून उभी हयात गेली, पहिली नेमणूक महाड आगारात. कोकणातल्या घाटांची वळणं त्यांना आपल्या घराच्या पायऱ्यांसारखी पाठ. निवृत्त झाल्यावर जुनी बुलेट बाहेर काढली, उजव्या पायात गिअर असलेली, आणि आम्हा सगळ्यांना तिच्यामागे लावलं.

मागे राहायचं म्हटल्यावर दोन रात्री पिशवी भरण्यात गेल्या. पंक्चरचं सामान, हवा भरायचा छोटा पंप, टायर काढायच्या पट्ट्या, दोन मापांच्या ट्यूब, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबली, चेनची लॉकं, प्लग, एम-सील, तार, आणि औषधांचा डबा. माझी थंडरबर्ड मागून थोडी बसलीच.

पहिला दिवस : सातारा ते वेळास

पहाटे साडेपाचला पोवई नाका. अकरा गाड्या, तेरा माणसं. चार बुलेट, मास्तरांची १९८२ ची येझदी, कोरेगावच्या दोघा भावांची हिमालयन, एक आरएक्स १००, एक पल्सर, एक ड्यूक ३९०, सगळ्यात नवी क्लासिक आणि शेवटी माझी. क्लासिकवर आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी होती. क्लबात तिचं नाव 'धाकटी'च पडलंय. तिच्या मागे तिची आई, वय अठ्ठावन्न. काकू आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या लांब मोटारसायकलवर निघाल्या होत्या. पातळ नेसून कसं बसायचं म्हणून त्यांनी आठ दिवस आधी पंजाबी ड्रेस शिवून घेतला होता. हेल्मेटचा बंद लावताना धाकटी आईच्या हनुवटीखाली बोट घालून बघत होती, फार आवळला नाही ना. मी सगळ्यात मागे उभा होतो, म्हणून मला ते दिसलं.

आण्णांनी नेहमीचे चार शब्द सांगितले. सपाट रस्त्याला एकाआड एक, डावी-उजवी. घाटात एका रांगेत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट. फाट्यावर लीडच्या मागची गाडी थांबेल आणि स्वीप येईपर्यंत हलणार नाही. खड्डा दिसला तर पाय बाहेर काढून मागच्याला दाखवायचा. "आनी कुनी म्होरं पळायचं न्हाई. आपला येग येझदीचा येग." मास्तर शांतपणे टाकीत ऑइल ओतत होते, लिटरला ४० मिली, मापाने. येझदीसारख्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, त्यामुळे प्रत्येक पंपावर मास्तरांना दोन मिनिटं जास्त लागतात आणि ती दोन मिनिटं सगळा क्लब थांबतो.

मेढ्याच्या रस्त्याला कण्हेर धरणाच्या पाण्यावर धुकं होतं. केळघरचा घाट चढून महाबळेश्वरला पोहोचलो तेव्हा बोटं गारठली होती. बाजारपेठेत न शिरता थेट क्षेत्र महाबळेश्वर गाठलं. पंचगंगेच्या देवळात दगडी गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम इथला मानतात. कृष्णा, कोयना, वेण्णा आमच्या घाटावरच्या. सावित्री मात्र पश्चिमेला कोकणात उतरते. "आज दिवसभर आपण हिच्याच बरोबर जाणार, बाणकोटला समुद्राला मिळेपर्यंत," मास्तर म्हणाले. काकूंनी ओंजळीत पाणी घेतलं आणि थोडं एका बाटलीत भरून पिशवीत ठेवलं.

आंबेनळीचा घाट उतरताना पहिली गडबड झाली. ड्यूकवाला पोरगा चोवीस वर्षांचा, हात चांगला, पण मोकळं वळण दिसलं की त्याला राहवत नाही. दोन गाड्या ओलांडून तो आण्णांच्याही पुढे गेला आणि दिसेनासा झाला. वाडा कुंभरोशीला एक रस्ता पोलादपूरकडे उतरतो, एक प्रतापगडावर चढतो. आम्ही फाट्यावर थांबलो. पोराचा पत्ता नाही, फोनला रेंज नाही. खाली गेला असेल तर पोलादपुरात भेटेल, पण दरीत गेला असेल तर? हा विचार तेरापैकी बाराजणांच्या डोक्यात होता आणि कुणी बोलत नव्हतं. आरएक्सवाला खाली बघून यायला गेला. चाळीस मिनिटांनी ड्यूक वरून, प्रतापगडाच्या बाजूने आली. आपण चुकलोय हे त्याला गडाच्या पार्किंगला गेल्यावर कळलं होतं.

मला वाटलं आता आण्णा तोडणार. आण्णांनी बाटली पुढे केली, "पानी पी," म्हणाले. मग म्हणाले, "आता हितनं सातारा येईस्तवर तू ह्याच्यासंगं. मागं." आणि बोट माझ्याकडे. पोराचं तोंड उतरलं. मलाही बरं वाटलं नाही, कारण मागे एकटं राहण्याची मला जेमतेम सवय लागत होती.

पोलादपूरला मुंबई-गोवा रस्त्याला लागलो. महाडच्या अलीकडे सावित्रीचा पूल येतो. पूल ओलांडून आण्णांनी डावा इंडिकेटर दिला आणि रस्ता सोडून गाड्या आत घ्यायला लावल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशांच्या काळातला जुना दगडी पूल महापुरात कोसळला. त्या अंधारात एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या, एक जयगड-मुंबई, एक राजापूर-बोरिवली. सोबत इतर वाहनंही. नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये खुला झाला. आण्णांनी हेल्मेट काढून हँडलला अडकवलं, कठड्यापाशी गेले आणि हात जोडून उभे राहिले. मार्चमधली नदी खडकांतून गुमान वाहत होती. कुणीतरी विचारलं, ओळखीचे होते का? आण्णा म्हणाले, "डायवर समदे वळखीचेच असत्यात."

महाडात चवदार तळं. मास्तर इथे थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत. २० मार्च जवळ आला होता, त्यामुळे तळ्याच्या भोवती झाडलोट आणि रंगरंगोटी चालली होती. १९२७ साली याच तारखेला बाबासाहेबांनी या पाण्याची ओंजळ घेतली. धाकटीने ड्यूकवाल्याला पायऱ्यांवर बसवून काहीतरी सांगितलं. दोघं बराच वेळ पाण्याकडे बघत होते.

पुढे दुपारचं ऊन फार कडक लागलं. आंबेत गावाशी सावित्री पुन्हा ओलांडली आणि मी आपसूक वेग कमी केला. सकाळी करंगळीएवढी धार होती ती हीच, आता पलीकडचा काठ उन्हात धूसर दिसत होता. मंडणगडनंतर लाल मातीचे उतार, मोहोरून गेलेले आंबे, काजूच्या बोंडांचा आंबूस वास. मागे राहण्याचा फायदा मला तिथे कळला. पुढे दहा गाड्या एका वळणातून ओळीने कलतात आणि पुढच्या वळणात दुसरीकडे कलतात, हे फक्त शेवटच्यालाच दिसतं. आण्णा पाठ ताठ ठेवून नुसतं हँडल वळवतात. धाकटी वळली की काकूही तिच्याबरोबर कलतात, सकाळी कलत नव्हत्या.

बाणकोटला सावित्री समुद्राला मिळते. काकूंनी बाटली काढली आणि तिथलं थोडं पाणी महाबळेश्वरच्या पाण्यात मिसळलं. कुणी काही विचारलं नाही.

वेळासला अंधारायच्या आत पोहोचलो. संध्याकाळी किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांवरच्या टोपल्या उचलून झाल्या, एकही पिल्लू नव्हतं. ज्यांच्या घरी उतरलो त्या वहिनींनी फणसाच्या कुयरीची भाजी, तांदळाची भाकरी आणि सोलकढी वाढली. आम्ही साताऱ्याहून नेलेले कंदी पेढे त्यांच्या हातात दिले.

दुसरा दिवस : वेळास ते गुहागर

सकाळी साडेसहाला पुन्हा किनारा. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि समुद्रात परत जाते, पिल्लांकडे वळूनही बघत नाही. पूर्वी ती अंडी माणसं नेत, उरलेली कोल्हे-कुत्री खात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन संरक्षणाचं काम उभं केलं. अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यांत पुन्हा पुरतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. म्हणून खड्ड्यावर टोपली पालथी ठेवलेली असते आणि ती सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात.

तिसरी टोपली उचलली आणि खाली वाळू हलत होती. एकवीस पिल्लं. तळहातावर मावतील एवढी, शाईच्या रंगाची. त्यांना उचलून पाण्यात सोडत नाहीत. थोड्या अंतरावर ओल्या वाळूवर ठेवतात, मग ती आपली आपण चालतात. दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे उकिडवे बसलो. वीस पिल्लं लाटेत गेली. एक राहिलं. ते चार पावलं चालायचं, थांबायचं, लाट आली की उलटं होऊन दोन हात मागे यायचं. किनाऱ्यावरचे बाकीचे लोक फोटो बघत परत फिरले. आमच्यातलं कुणी उठलं नाही. कार्यकर्ता दादाही तिथेच उभा. आठ-दहा मिनिटांनी एक लांब लाट आली आणि परतताना त्याला घेऊन गेली. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. ड्यूकवाला माझ्या शेजारी बसला होता. तो हळूच म्हणाला, "काका, काल तुम्ही सगळे माझ्यासाठी असेच थांबला होता का?" मी हो म्हणालो.

निघताना मास्तरांनी नाना फडणविसांचा विषय काढला. नानांचं मूळ गाव वेळास, जन्म मात्र साताऱ्यातला, १७४२ चा. "म्हंजी निम्मा आपलाच की," आण्णा म्हणाले आणि नानांच्या पुतळ्यासमोर फोटोसाठी सगळ्यांना उभं केलं.

खाडीला वळसा घालून केळशीकडे जाताना हिमालयनचं मागचं चाक बसलं. हिमालयनला तारांची चाकं आणि आत ट्यूब, म्हणजे चाक उतरवण्याला पर्याय नाही. फाट्याफाट्यावर निरोप देत बाकीच्यांना पुढे आंजर्ल्याला जायला सांगितलं. मागे राहिलो आम्ही चौघं, कोरेगावचे भाऊ, ड्यूकवाला आणि मी. पोराने आजवर पंक्चर काढलंच नव्हतं, कारण त्याच्या गाडीला ट्यूबलेस टायर. मी त्याला शेजारी बसवलं. चाक उतरवून हवा काढली तरी टायरची कड रिमला घट्ट धरून होती. तेव्हा चाक आडवं ठेवून टायरच्या कडेवर माझ्या गाडीचा साइड स्टँड टेकवला आणि धाकट्या भावाला गाडी त्या बाजूला कलवायला सांगितलं. सगळं वजन कडेवर आलं आणि ती सुटली. ही युक्ती मला आण्णांनी शिकवली होती. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून सगळीकडे हात फिरवायचा, अगदी सावकाश, कारण काटा आत राहिला तर नवी ट्यूबही दोन किलोमीटरवर जाणार. खिळा पोराच्याच बोटाला लागला. नखाएवढा तुकडा, पण त्याने तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. पाऊण तासात चाक बसलं. कोरेगावचा थोरला म्हणाला, आता ब्रेक मी तपासतो, तुम्ही पाणी प्या.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या आवारात सगळे झाडाखाली बसून होते. आमच्यासाठी चार कोकम सरबतं झाकून ठेवली होती, वर बशी ठेवून.

हर्णैला मासळीचा लिलाव बघितला. होड्यांतली मासळी बैलगाड्या पाण्यात घालून किनाऱ्यावर आणतात. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे. समोर सुवर्णदुर्ग. आंग्र्यांचा हा किल्ला १७५५ साली इंग्रजांच्या आरमाराने पेशव्यांशी हातमिळवणी करून तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. मास्तरांना या गोष्टीचं अजून दुःख आहे. बोलताना त्यांचा आवाज चढतो. आपल्याच माणसाने आपलं आरमार बुडवायला परक्याला हात दिला, असं ते म्हणाले, आणि मला त्यांचं पटतं.

दापोलीत जेवण उरकून दाभोळला उतरलो. दाभोळ एके काळी आदिलशाहीचं मोठं बंदर होतं, त्या काळची मशीद धक्क्याजवळ अजून उभी आहे. इथून वाशिष्ठीच्या खाडीतून धोपाव्याला फेरीबोट जाते. लोक तिला जंगलजेटी म्हणतात. २००३ पासून ती चालू आहे, नाहीतर गुहागरला जायला चिपळूणवरून मोठा फेरा पडायचा. बोटीवर गाडी चढवताना फळी ओली असते, समोरचा ब्रेक दाबला की चाक निसटतं. धाकटी थबकली. आण्णांनी तिला सांगितलं, "पुढचा बिरेक इसर. पैल्या गिअरात ये, पाय खाली सोड, माज्याकडं बग." आई आधी चालत बोटीवर गेली होती. धाकटी आण्णांकडे बघत बघत चढली. मी शेवटी चढलो, माझ्या मागे फळी वर घेतली. पलीकडे अंजनवेलच्या वीज प्रकल्पाची धुरांडी दिसत होती. एन्रॉनचे दिवस आठवून जुनी माणसं थोडा वेळ त्यावरच बोलली.

गुहागरला समुद्र सुरूच्या बनाच्या पलीकडे आहे. रात्री वाळूवर बसलो तेव्हा ड्यूकवाल्याने खिशातला खिळा काढून सगळ्यांना दाखवला.

तिसरा दिवस : गुहागर ते रत्नागिरी

पालशेतच्या पुढे एका वाडीत पालखी आडवी आली. कोकणातला शिमगा होळीच्या रात्री संपत नाही. ग्रामदेवतेची पालखी पुढचे कितीतरी दिवस घरोघर फिरते. लांबूनच ढोल ऐकू आला आणि आण्णांनी मूठ वर केली. रांगेत एकामागे एक मुठी वर होत माझ्यापर्यंत आल्या. सगळ्यांनी इंजिनं बंद केली. अकरा गाड्यांचा आवाज थांबल्यावर ढोल एकदम छातीत वाजायला लागला. चार जण पालखी खांद्यावर नाचवत होते, काळ्या कपड्यातला संकासुर पोरांच्या मागे धावत होता. आम्ही रस्त्याच्या कडेला चपला-बूट काढून उभे राहिलो. काकूंनी नारळ घेतला, ओटी भरली. एका आजोबांनी आण्णांना विचारलं, "पावणे खयचे?" साताऱ्याचे म्हटल्यावर त्यांनी आण्णांना ओढूनच नेलं आणि पालखीचा दांडा त्यांच्या खांद्यावर दिला. मी आण्णांना तीस-पस्तीस हजार वळणं एका लयीत घेताना पाहिलंय, पण नाचताना पहिल्यांदा पाहिलं. एकसष्ट-बासष्टचा माणूस, पायात मोजे, अंगात रायडिंग जॅकेट, आणि डोळे मिटलेले.

तिथे दीड तास गेला. वेळणेश्वर, हेदवी वरवर झालं. हेदवीच्या बामणघळीत, खडकातल्या त्या अरुंद भेगेत, भरतीचं पाणी नव्हतं, त्यामुळे लाट उसळताना दिसली नाही. तवसाळला बोट सुटता सुटता पोहोचलो. बोटीवरच्या माणसाने लांबून अकरा गाड्या बघितल्या आणि फळी पुन्हा खाली टाकली. त्याला आम्ही पेढ्यांचा शेवटचा पुडा दिला.

शास्त्री नदीच्या खाडीपलीकडे जयगड. वर गावात गेल्यावर आण्णांनी एसटीच्या थांब्याशी गाडी लावली. मला काही क्षण कळलं नाही. मग आठवलं, सावित्रीत गेलेली एक गाडी जयगडहून निघाली होती. बाकड्यावर दोन बायका आणि दप्तर घेतलेलं एक पोर गाडीची वाट बघत होतं. आण्णा त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने लाल गाडी आली. ड्रायव्हर उतरला, आण्णांनी आपण कोण ते सांगितलं, तर त्याने वाकून नमस्कारच केला. दोघं गाडीच्या टायरांना हात लावत, ब्रेकबद्दल, रस्त्याबद्दल बोलत एक फेरी मारून आले. निघताना आण्णा त्याला म्हणाले, "पावसाळ्यात पुलाव पानी दिसलं तर गाडी घालायची न्हाई. कुनी कायबी म्हनूं दे." तो म्हणाला, "न्हाय घालत, आण्णा."

मालगुंडला केशवसुतांचं घर आहे. मास्तरांनी तिथे कविता म्हणून दाखवल्या, धाकटीला दोन पाठ होत्या. गणपतीपुळ्याला गर्दी फार, म्हणून देवाला बाहेरूनच नमस्कार केला. आरे-वारेच्या चढावर मात्र सगळे आपोआप थांबलो. खाली दोन किनारे, मधे खडकाचं टोक, आणि ऊन उतरणीला लागलेलं. सगळे फोटो काढत होते. ड्यूकवाला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आरएक्सची चेन सैल वाजतेय. मागून ऐकू येतं." मलाही ऐकू येत होतं, पण मी मुद्दाम गप्प होतो. त्याने स्वतःच जाऊन आरएक्सवाल्याला सांगितलं आणि पाना घेऊन खाली बसला.

चौथा दिवस : रत्नागिरी ते सातारा

हातखंबा, पाली, साखरपा. ऊन व्हायच्या आत आंबा घाट चढायचा होता, पण चौपदरीकरणाच्या कामामुळे गाड्या थांबत-सरकत चालल्या होत्या. धूळ, ट्रक, एका बाजूला खोदलेला डोंगर. घाटाच्या मध्यावर मास्तरांचा डावा हात वर गेला. क्लचची केबल तुटली होती.

चढावर ट्रकांच्या मधे थांबून केबल बदलणं धोक्याचं. दुसऱ्या कुठल्या गाडीला तिथे ढकलावंच लागलं असतं. पण येझदीची करामत वेगळी आहे. तिच्यात गिअरचा दांडा पायाने हलवला की क्लच आतूनच सुटतो, हाताची तार नसली तरी गिअर पडतो. दांडा दाबून धरला तर गाडी गिअरमध्ये जागेवर उभी राहते आणि पाय हळूहळू सैल केला की सरकायला लागते. एरवी हाताच्या बोटांनी करायचं ते सगळं पायाच्या चवड्याने करायचं. मास्तरांना हे माहीत होतं, पण चढावर, धुळीत, पुढे ट्रकचं मागचं चाक, असं कधी करायची वेळ आली नव्हती.

मी मागे आडवा राहिलो, दोन्ही इंडिकेटर चालू. ड्यूकवाला गाडी पुढे लावून पळत खाली आला आणि मास्तरांच्या मागे उभा राहिला. ट्रक सरकला की मास्तर पाय सैल सोडायचे, पोरगा सीटला खांदा लावून ढकलायचा, गाडी पकडली की बाजूला व्हायचा आणि चालत वर. असं पाच-सहा वेळा झालं. तेवढ्यात इतर गाड्यांमागे अडकलेला एक टेंपोवाला हॉर्न न वाजवता उतरला आणि त्यानेही हात लावला. शेवटच्या मोकळ्या चढाला मास्तरांनी दुसरा टाकला आणि येझदी आपल्या त्या टणटणत्या आवाजात वर निघाली. पोरगा धापा टाकत कठड्यावर बसला. त्याच्या पाठीवर टू-स्ट्रोकच्या धुराचा वास होता. मी त्याला माझ्या मागे बसवून त्याच्या गाडीपर्यंत सोडलं.

वर आंबा गावात सगळे टपरीशी उभे होते. पाऊण तास झाला होता. मी आण्णांना विचारलं, "आम्ही दिसत नव्हतो तर कुणाला खाली पाठवलं का नाही?"

आण्णा म्हणाले, "मागं तू हाईस म्हनल्याव कशाला धाडू?"

मी चहाचा ग्लास घेतला आणि जरा बाजूला जाऊन उभा राहिलो.

केबल तिथेच बदलली. बदलताना मास्तरांना आणखी एक केबल तिच्या शेजारीच ओवून, दोन्ही टोकं बांधून दिली. पुढच्या वेळी तुटली तर फक्त टोक अडकवायचं. इथून विशाळगड आणि पावनखिंड जवळ. बाजीप्रभू १६६० च्या जुलैत, अशाच घाटात, भर पावसात लढले. मास्तर बोलत होते आणि त्यांचे हात काळे झाले होते.

मलकापूरनंतर रस्ता मोकळा लागला. कोकरूड, शेडगेवाडी, उंडाळे करत कराडला दुपार कलली. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधीही इथेच. काकूंनी बाटली काढली. त्यात महाबळेश्वरचं आणि बाणकोटचं पाणी होतं. संगमावर त्यांनी ती रिकामी केली. तीन दिवसांपूर्वी एका गोमुखातून निघालेल्या नद्या, एक तिकडे गेली, दोन इथे. काकू म्हणाल्या, "बहिणी-बहिणींची भेट घालून दिली."

हायवेचे पन्नासेक किलोमीटर सरळ होते, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अंधार पडताना पोवई नाक्यावर आलो. सकाळी निघतो तेव्हा मोठा गाजावाजा असतो, परतताना माणसं एकेक करून वळणांना सुटतात. हात वर, आणि गेला. धाकटीने आईला उतरवून हेल्मेट काढलं. काकूंच्या केसांचा पार चपटा अंबाडा झाला होता. त्यांनी मला विचारलं, "पुढची कधी?"

ड्यूकवाला शेवटपर्यंत माझ्याबरोबर थांबला. मी म्हटलं, जा आता. त्याने गाडी चालू केली आणि अगदी सावकाश गेला, चौकात थांबून दोन्हीकडे बघून.

आमच्यात पद्धत आहे, घरी पोहोचलं की प्रत्येकाने ग्रुपवर 'पोहोचलो' लिहायचं. सगळ्यांचे आले की स्वीपने शेवटचा निरोप टाकायचा. साडेआठपर्यंत नऊ गाड्यांचे आले. कोरेगावच्या भावांचा येत नव्हता. मी हात-पाय धुतले, जेवायला बसलो नाही. फोन समोर ठेवून बसलो. नऊ वाजून पाच मिनिटांनी त्यांचा निरोप आला, वाटेत मावशीकडे थांबलो होतो, आत्ता घरी. मी लिहिलं, "सगळे घरी."

आण्णांना टाइप करायला जमत नाही. मिनिटभरात त्यांचा फोन आला. "जेवलास का?"